मालकानं कुठं उभारावं

सकाळी शेडमध्ये शिरण्याआधी मी दारातच घसा खाकरतो, मग तोंडानं ‘च्च च्च’ करत, पाय न आपटता आत जातो. आत पाच हजार पक्षी पिंजऱ्यांत असतात. येणारा ओळखीचा आहे हे त्यांना आधी कळलं पाहिजे. पोल्ट्री सुरू केली त्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. पाहुणे आले होते, त्यांना आपला पसारा दाखवावा म्हणून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मोठमोठ्यानं बोलत, चार माणसं मागं घेऊन मी आत घुसलो. एका टोकाचे पक्षी फडफडले, ती फडफड लाटेसारखी पार दुसऱ्या टोकापर्यंत गेली, आणि दुसऱ्या दिवशी ट्रे कमी भरले. शेडवरचा माणूस तेव्हा काही बोलला नाही. संध्याकाळी हिशेब लिहिताना हळूच म्हणाला, “मालक, शेड तुमचंच हाय. पन आत येताना मला इचारून येत जावा.”

मला राग आला होता. पैसे माझे, जागा माझी, बँकेचं कर्ज माझ्या नावावर, आणि मीच विचारून जायचं? पण पुढच्या वेळी विचारून गेलो. धंदा शिकवतो तेवढं बाप शिकवत नाही. गंमत म्हणजे शेडमध्ये शिकलेलं शेडमध्येच राहिलं. तेच मला मैदानावर पुन्हा शिकावं लागलं, आणि तिथं फी जास्त पडली.

सांगली म्हटलं की लोकांना हळद, बेदाणा, भडंग, नाटक आणि महापूर आठवतो. खेळातलं विचाराल तर कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने, क्रिकेटमधले विजय हजारे, आता स्मृती मानधना. फुटबॉलचं नाव कुणी घेणार नाही. पण मिरजेत फुटबॉल आहे. कोल्हापूर ५० किलोमीटरवर, तिथल्या पेठांचा वारा इथवर लागतोच. त्यात रेल्वेचं जंक्शन, म्हणजे नाना ठिकाणची माणसं येत-जात राहिली, काही इथलीच झाली. आमचं गाव मिरजेपासून मोटारसायकलनं १० मिनिटांवर. मी स्वतः कधी फुटबॉलला पाय लावलेला नाही. आमच्या वेळी शाळेत चेंडू एकच होता आणि तो मुख्याध्यापकांच्या कपाटात असायचा.

माझ्याकडं अंडी गोळा करायला एक पोरगा होता, विशीच्या आतला. संध्याकाळी पाच वाजले की सायकल काढून मिरजेला पळायचा. तो तिथल्या एका संघाचा गोलकीपर होता हे मला वर्षभरानं कळलं. एक दिवस ट्रे रचता रचता म्हणाला, “मालक, टीमला जर्सी पायजेत. अठरा.”

दिल्या. छातीवर माझ्या पोल्ट्रीचं नाव, पाठीवर नंबर. पहिल्या सामन्याला गेलो तेव्हा १८ पोरांच्या छातीवर आपलं नाव पळताना बघून जे काय झालं, ते लिहायला थोडी लाज वाटते. लग्नात वरबापाला जसं होतं तसं काहीसं. मग जर्सीच्या मागोमाग बूट आले, स्पर्धेची प्रवेश फी आली, कोल्हापूरला जायला टेम्पो आला, गोलकीपरचे हातमोजे आले. उकडलेली अंडी तर घरचीच. एका स्पर्धेच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात माझा फोटो छापला, खाली ‘संघमालक’. बायको म्हणाली, “आता राजकारणात तेवढं जाऊ नका.”

संघाला शिकवायला चाचा होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, तरुणपणी हाफला खेळलेले, पैसा न घेता रोज दोन तास मैदानावर. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारत की स्टेशनवरची गाडी थांबावी. त्यांनी या पोराला गोलकीपर का केलं, हे मी एकदा विचारलं. तोवर तो फॉरवर्ड खेळायचा म्हणे. चाचा म्हणाले, “त्याचं हात बघितलं न्हाई का तुमी? रोज हजारो अंडी उचलतंय. चेंडू लागला की तळहात आधी मऊ सोडतंय, मग बोटं मिटतंय. हे शिकवून येत न्हाई.” ती अंडी माझी, ते हात माझ्या शेडमध्ये पाच वर्षं राबलेले, आणि माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

चाचांनी माझ्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवायला लावली होती, मैदानाच्या रेघेपासून चांगली लांब, लिंबाच्या सावलीत. मान देतात असं मला वाटायचं.

आता तो सामना. उपांत्य फेरी, पाऊस पडून गेलेला, चेंडू साबणासारखा. पहिल्या हाफमध्ये आमच्या पोराच्या हातून एक साधा चेंडू निसटला आणि गोल झाला. एक-एक अशी बरोबरी. मी त्या स्पर्धेसाठी कोल्हापूरकडचा एक उंच गोलकीपर आणला होता, जाण्यायेण्याचा खर्च आणि वर सामन्याचे पैसे देऊन. चाचांनी त्याला बाहेरच बसवलं होतं. माझे पैसे बाकड्यावर बसून शेंगा खात होते. हाफ टाइमला मी खुर्चीवरनं उठलो आणि पोरांच्या कोंडाळ्यात घुसलो. म्हणालो, “गोलकीपर बदला.”

चाचा म्हणाले, “एक चूक झालीया, मालक. दुसरी न्हाई करायचा त्यो.”

तेव्हा मी ते वाक्य बोललो. “जर्सी कुणाच्या पैशाच्या आहेत, चाचा?”

पोरं गप्प झाली. चाचांनी माझ्याकडं बघितलं, मग पोराकडं. “टीम तुमची हाय,” एवढंच म्हणाले. पोरानं हातमोजे काढले. एकेक बोट ओढत, सावकाश, न फाडता. चांगली जोडी एकच होती ना, मीच घेतलेली. उंच पोराच्या हातात दिली आणि पाण्याच्या बाटल्या भरायला गेला.

आणि आम्ही जिंकलो. टायब्रेकरमध्ये उंच पोरानं दोन फटके अडवले. मी सगळ्यांना मटण खायला नेलं. माझा निर्णय कसा बरोबर ठरला हे जेवताना दोनदा सांगितलं. चाचा आले नाहीत, उशीर झाला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पोरगा कामावर हजर. नऊ वाजता आकडा सांगून गेला: १४३ ट्रे आणि वर २२. रोजच्यासारखाच. फक्त संध्याकाळी मिरजेला गेला नाही. त्याच्या गल्लीतले आणखी तिघंही गेले नाहीत. अंतिम सामन्याला चाचा आले, पण रेघेजवळ उभारले नाहीत. दुसरी एक खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. म्हणाले, “आज तुमी सांगा, मालक.” टोमणा असता तर परवडला असता. ते खरंच वाट बघत होते. मला काय सांगावं ते कळेना, कारण आपले मधल्या फळीतले दोघं सारखे एकाच जागी का येतात हेही मला कळत नव्हतं. चार-शून्य. पुढच्या वर्षी संघ राहिला नाही. जर्सी काही दिवस शेडवर फडकी म्हणून दिसायच्या.

त्यानंतर मला एक नाद लागला. अंड्यावरच्या पक्ष्यांना १६ तास उजेड लागतो, त्यामुळं पोल्ट्रीवाल्याचा दिवस लवकर सुरू होतो आणि लवकर संपत नाही. रात्री दिवे बंद होईपर्यंत मी फोनवर फुटबॉल संघांच्या मालकांविषयी वाचत बसायला लागलो. खेळाडूंविषयी नाही, मालकांविषयी. दुसऱ्या कुणी आपल्यासारखा गाढवपणा केलाय का हे बघायचं होतं, दुसरं काय.

पहिलाच सापडला तो घरचा निघाला. आमच्या धंद्यातला कुणीही माणूस सकाळी उठून आधी एनईसीसीचा, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा, भाव बघतो. ती समिती १९८२ मध्ये उभी राहिली ती डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं. अंड्याचा भाव शेतकऱ्यानं सांगायचा आणि व्यापाऱ्यानं ऐकायचा, हे उलटं चक्र त्यांनी फिरवून दाखवलं. त्यांची वेंकटेश्वरा हॅचरीज, म्हणजे पुण्याचे वेंकीज. पिल्लू, लस, खाद्य, यातलं काही ना काही त्यांचं आमच्याकडं येऊन गेलेलं असतंच. तर त्यांच्या पुढच्या पिढीनं नोव्हेंबर २०१० मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स संघ विकत घेतला, साधारण २.३ कोटी पौंडांना. त्या वेळी आमच्या बाजूला पोल्ट्रीवाल्यांत काय आनंद झाला होता! कोंबडीवाल्यांनी इंग्रजांचा संघ घेतला म्हणून एकानं पेढे वाटले. फुटबॉलमध्ये किती माणसं खेळतात हे त्याला माहीत नव्हतं.

ब्लॅकबर्न म्हणजे साधा संघ नाही. १८७५ चा जन्म, १८८८ मध्ये इंग्लंडची लीग सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या १२ संघांतला एक. मधल्या काळात मागं पडला होता, त्याला वर काढलं ते जॅक वॉकर नावाच्या मालकानं. हा ब्लॅकबर्नचाच, पोलादाच्या धंद्यात मोठा झालेला. लहानपणापासून ज्या संघाला ओरडून ओरडून साथ दिली तोच पुढं विकत घेतला. केनी डॅलग्लिश यांना आणून त्यांच्या हाती संघ दिला आणि १९९४-९५ ची प्रीमियर लीग, म्हणजे तिकडची सर्वांत वरची लीग, जिंकली. गावानं पुढं त्याचा पुतळा उभा केला.

अशा गावात पुण्याची मंडळी गेली. संघ तेव्हा गुणतक्त्यात मधोमध होता, सॅम अ‍ॅलरडाइस हा अनुभवी माणूस मॅनेजर होता. महिन्याभरात त्याला काढलं. त्याच्याच हाताखालच्या स्टीव्ह कीन याला बसवलं. पुढं संघातल्या खेळाडूंना घेऊन चिकनची जाहिरात केली. ड्रेसिंग रूममध्ये, सामन्याच्या आधी, अंगात संघाचे कपडे घालून ती मंडळी तंगडी खातायत. ती जाहिरात मी तीनदा बघितली. पहिल्यांदा हसलो. तिसऱ्यांदा मला माझ्या जर्सी आठवल्या आणि फोन खाली ठेवला.

मे २०१२ मध्ये विगनविरुद्ध घरच्या मैदानावर हरून ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या सामन्यात लोकांनी मैदानात एक जिवंत कोंबडी सोडली, अंगावर संघाच्या रंगांचं कापड गुंडाळलेली. खेळ थांबवून मंडळी तिच्या मागं. कोंबडी धरण्याची एक रीत असते, मागनं, दोन्ही पंख दाबून. त्यांना कुणाला येत नव्हती.

पण मला चटका लावून गेलं ते पुढचं वर्ष. २०१२-१३ च्या एका हंगामात स्टीव्ह कीन गेला, मग हेनिंग बर्ग आला तो ५७ दिवसांत गेला, मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवसांत गेला, मध्ये मध्ये हंगामी माणसं वेगळीच. अहो, पोल्ट्रीवाले ना आपण! शेडमधला माणूस बदलला की आठवडाभर अंडी कमी येतात, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. नवा माणूस कितीही हुशार असू दे, त्याची चाल वेगळी, बादली ठेवण्याचा आवाज वेगळा, खाद्य टाकायची वेळ पाच मिनिटं मागं-पुढं. पक्ष्याला तेवढंही कळतं. आणि ५७ दिवस म्हणजे काय हो? अंड्याच्या पक्ष्याचं पिल्लू आणल्यापासून पहिलं अंडं बघायला १८ ते २० आठवडे लागतात, तेवढं थांबल्याशिवाय धंद्यात कुणी उभारतच नाही. थांबणं हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्यांनाच थांबता आलं नाही.

हे लिहिलं म्हणजे मी त्यांच्यावर दगड मारतोय असं समजू नका. माझा हात त्याच चिखलातला आहे. आणि त्यांची दुसरी बाजूही आहे. इतकी हेटाळणी झाली, कोंबड्या सोडल्या, तरी त्यांनी संघ विकून हात झटकले नाहीत. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या पायरीवर घसरला, वर्षात पुन्हा वर चढला, तोटा मात्र पुण्यातून भरला जात राहिला. रागावलेल्या गावाच्या संघाला पैसे पुरवत राहायला वेगळीच चिकाटी लागते. मी तर १८ जर्सीत संपलो.

उलटं उदाहरण अमेरिकेत मिळालं. तिकडचा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू धरून पळायचा. चाचांना व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, “ही तर कबड्डी हाय, चेंडू घेऊन.” पिट्सबर्ग हे पोलादाच्या कारखान्यांचं शहर, तिथला संघ स्टीलर्स. आर्ट रूनी यांनी १९३३ मध्ये २,५०० डॉलर भरून तो सुरू केला आणि ४० वर्षं त्याला धड काही जिंकता आलं नाही. १९६९ मध्ये त्यांचा मुलगा डॅन रूनी यानं चक नोल याला प्रशिक्षक नेमलं. पहिल्या हंगामात नोलनं १४ सामन्यांतला एक जिंकला. एक! १३ हरला. मी असतो तर दिवाळीच्या आत घरी पाठवला असता, आणि गावात चार माणसं शाबास म्हणाली असती. रूनींनी ठेवला. १९७२ पर्यंत संघ बाद फेरीत पोचायला लागला, आणि सत्तरच्या दशकात त्याच नोलनं चार सुपर बोल, म्हणजे तिकडचे अंतिम सामने, जिंकून दिले. तो २३ हंगाम राहिला, त्याच्यानंतरचा बिल कावर १५. दोन माणसांत ३८ हंगाम. आमच्या सोसायटीचे सचिव एवढे टिकत नाहीत.

त्या १३ पराभवांच्या रात्री रूनींच्या घरी जेवताना काय बोलणं होत असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. थांबायचं म्हणजे हातावर हात धरून बसणं नसणार. मालकाला रोज कुणीतरी येऊन सांगत असणार, बदला म्हणून. वर्तमानपत्र, मेहुणे, सलूनवाला. आणि मालकानं रोज नव्यानं नाही म्हणायचं. पक्षी २० आठवडे नुसतं खातात तेव्हा बँकेचा माणूस येऊन शेडमध्ये डोकावून जातो ना, तसं. पण पक्ष्याबद्दल मला खात्री असते, २० व्या आठवड्याला अंडं येणारच. माणसाबद्दल रूनींना ती कुठनं आली? निवडतानाच डोळे उघडे ठेवले असतील, दुसरं काय म्हणणार. चाचांनी पोराचे हात बघितले होते, तसं.

आपल्याकडचं एक उदाहरण मला फार आवडतं. खालिद जमील सात वर्षं मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. मोठा संघ नव्हे, तुटपुंज्या पैशांत लीगमध्ये टिकवून धरलेला. २०१६-१७ च्या हंगामाआधी त्यांना जावं लागलं. त्यांना मिझोरामच्या आयझॉल संघानं घेतलं, जो आदल्या हंगामात घसरून खाली गेला होता आणि नशिबानं परत आत आला होता. त्या हंगामात आयझॉल आय-लीगचा, म्हणजे आपल्या देशातल्या त्या लीगचा, विजेता झाला. मुंबई एफसी तळाला गेला, आणि मग तो संघच उरला नाही. हे वाचलं त्या रात्री मी त्या पोराला शेडवर हाक मारून चहा दिला. काही बोललो नाही. त्यानंही विचारलं नाही.

तर मग ठरलंच, मालकानं हात बांधून बसावं? इथं लंडनचा चेल्सी संघ आडवा येतो. रोमन अब्रामोविच यांनी २००३ मध्ये संघ घेतला आणि प्रशिक्षक सदऱ्यासारखे बदलले. मार्च २०१२ मध्ये एकाला काढून हाताखालच्या डी मॅटेओला तात्पुरतं बसवलं, त्यानं दोन महिन्यांत युरोपचा सर्वांत मोठा चषक आणून दिला, आणि नोव्हेंबरात त्यालाही घरी पाठवलं. तरी २०२२ मध्ये संघ सोडेपर्यंत अब्रामोविच यांच्या खात्यावर पाच प्रीमियर लीग आणि दोन चॅम्पियन्स लीग, म्हणजे तोच युरोपचा चषक. माझं शेडचं गणित इथं बसत नाही. अफाट पैसा असला की नवे पक्षी रोज विकत आणता येतात, एवढंच मी स्वतःला सांगतो. पण मलाच ते पुरतं पटत नाही. मीसुद्धा गोलकीपर बदलला आणि त्या दिवशी जिंकलोच होतो की.

इंग्लंडच्या लेस्टर संघाचे मालक विचाई श्रीवद्धनप्रभा हे थायलंडचे, विमानतळावरच्या ड्यूटी फ्री दुकानांवर मोठे झालेले. त्यांनी २०१० मध्ये लेस्टर घेतला तेव्हा तो दुसऱ्या पायरीवर होता. २०१५-१६ ला तो प्रीमियर लीग जिंकेल यावर सट्टेवाल्यांचा भाव पाच हजाराला एक होता, आणि तो जिंकला. पण गावाला ते आवडायचे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. वाढदिवसाला ते प्रेक्षकांना बिअर आणि डोनट फुकट वाटायचे. परका माणूस, पण गावजेवण घातल्यासारखं. जिंकून देणारे प्रशिक्षक रानिएरी यांना त्यांनीही नऊ महिन्यांत काढलंच, तेव्हा लोक हळहळले, पण मालकावर उलटले नाहीत. २७ ऑक्टोबर २०१८ ला सामना संपल्यावर त्यांचं हेलिकॉप्टर मैदानाच्या मधून उडालं आणि बाहेर लगेच कोसळलं. आतले पाचही गेले. दुसऱ्या दिवसापासून स्टेडियमबाहेर फुलांचा खच. ब्लॅकबर्नच्या मैदानात कोंबडी आणि लेस्टरच्या दारात फुलं, दोन्ही मालक परदेशीच, दोघांनीही प्रशिक्षक काढले. फरक कशात होता, यावर मी आणि चाचा एकदा तासभर बोललो. चाचांचं म्हणणं, एक मालक सामन्याला यायचा. मी म्हणालो, मीही यायचो. ते म्हणाले, “व्हय. तुमी जरा जास्तच जवळ यायचा.”

कोल्हापूरला मालक हा प्रकारच नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल: संघ तालमीचा, म्हणजे पेठेचा. आता बाहेरचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडूही पैसे देऊन आणतात, पण संघ पेठेचाच. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर मी बसलोय. तिथं एक मालक नसतो, हजारो असतात, आणि सगळे एकाच वेळी ‘बदल त्याला!’ म्हणून ओरडत असतात. म्हणजे सगळ्यांचा संघ असला की आपोआप शहाणपण येतं असंही नाही.

यावरून वडिलांचा शेअर आठवला. एका साखर कारखान्याचा एक शेअर त्यांच्या नावावर होता. सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत. दिवाळीच्या आधी सभासदांना सवलतीची साखर मिळायची, त्यासाठी ते पिशवी घेऊन रांगेत उभारायचे. घरी आल्यावर साखर आईकडं देताना म्हणायचे, “आपल्या कारखान्याची.” बाजारातली साखर गोड नसल्यासारखं. दरवर्षी सर्वसाधारण सभेला धुतलेलं धोतर नेसून जायचे. मी एकदा बरोबर गेलो होतो. मंडपात विषय वाचायला सुरुवात झाली की ‘मंजूर, मंजूर’ असा गलका. कुणी उठून उसाच्या बिलाचं विचारलं की त्याला चारी बाजूंनी खाली बसवायचे. परत येताना मी म्हणालो, आबा, तुम्ही मालक ना, मग विचारलं का नाही? ते म्हणाले, “विचारलं असतं. पण मग पुढच्या साली कुठल्या तोंडानं आपला म्हणू?” तेव्हा मला हे बावळटपणाचं वाटलं. अजूनही थोडं वाटतं. बिल आठ महिने थकलं होतं, विचारायलाच हवं होतं.

आता बघा, अमेरिकेत ग्रीन बे नावाचं जेमतेम लाखभर वस्तीचं गाव आहे. तिथला पॅकर्स संघ १९२३ पासून असाच शेअरवर चालतो. पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. शेअर घ्यायचा, पण लाभांश नाही, बाजारात विकायचा नाही, भाव वाढायचा नाही. सवलतीची साखरसुद्धा नाही. २०२१ मध्ये नवे शेअर काढले, ३०० डॉलरला एक, तर लोकांनी रांग लावून घेतले. दरवर्षी स्टेडियममध्ये सभासदांची सभा भरते, ते संचालक मंडळ निवडतात आणि घरी जातात. प्रशिक्षक कोण, मैदानात कोण उतरणार, यात पाच लाख मालकांपैकी कुणाचाही हात नाही. त्यांनी फक्त सामन्याला थंडीत कुडकुडत बसायचं. आबांना हे सांगायला हवं होतं. त्यांनी म्हटलं असतं, साखर नाही तर नाही, उसाचं बिल तरी देतात का?

तो पोरगा आता माझ्याकडं नाही. स्वतःचा छोटा टेम्पो घेतलाय, माझ्याकडूनच अंडी उचलून मिरजेत दुकानांना घालतो. भावात एक पैसा सोडत नाही. दुसऱ्या एका संघाकडून गोलकीपर खेळतो, त्या जर्सीवर कुणा मोबाइलवाल्याचं नाव आहे. मागच्या महिन्यात रविवारी त्याचा सामना होता. मी न सांगता गेलो. कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून गोलच्या मागं, जाळीपासून १० फुटांवर जाऊन उभारलो. तिथनं त्याची पाठ दिसत होती आणि बाजूला सोडलेले दोन हात.

पाचेक मिनिटं झाली असतील. चेंडू पलीकडच्या अर्ध्यात होता. मागं न बघताच तो म्हणाला, “मालक, मागं उभारू नका.”

“तुला कसं कळलं?”

“कळतंय. ध्यान जातंय माझं. तिकडं चाचांकडं जावा.”

चाचा लिंबाखाली होते. त्यांचा आता कुठल्याच संघाशी संबंध नाही, गुडघे गेलेत, पण रविवार चुकवत नाहीत. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी भाजीची पिशवी ठेवली होती. मला बघून ती उचलून खाली ठेवली. मी बसलो आणि सांगायला तोंड उघडलं, चाचा, पोरानं ओळखलं बघा मागनं...

“थांबा,” चाचा म्हणाले. “कॉर्नर हाय.”